पडद्यामागचा हात

सन १९१४. गारगोटीच्या धोंडुबाईच्या गालावर कर्करोगाची जखम होती. कोल्हापुरातल्या दवाखान्यात क्ष-किरण देण्याचं काम माझं, इलाहीचं. यंत्र बघून ती दचकली. “इलाही, जाळशील की रं मला!” “मावशी, मी रोज ह्याच्यापुढं हात धरतो. मनगटाची हाडं ठळक दिसली की यंत्र बराबर. मला काय झालंय?” “मग बोटाला चिंधी कशापायी?” “फोटो धुवायचं औषध लागलंय.” चार महिने बोटाची जखम भरली नव्हती, तरी मी तेच समजत होतो. खिडक्या झाकून, यंत्र सुरू करून किरणांनी उजळणाऱ्या पडद्यामागं हात धरला. हाडं काळी उमटली. मी नेहमीसारखा मनगटाकडं बघत होतो, ती बोटांकडं. “ह्या बोटाचं टोक कुठाय?” चिंधीखालचं हाड कुरतडल्यासारखं संपलं होतं. हात मागं घेतला. यंत्र बंद केलं. “बंद का केलंस?” धोंडुबाईनं गाल पुढं केला. “हाड खातंय, तर ह्यो रोगबी खाईल. माझं व्हायचं हाय की अजून!”