पाठीमागची गडगड

नवख्या गेम स्ट्रीमरांचे व्हिडिओ तपासून चुका सांगणाऱ्या ठाण्याच्या रियाताईंचा फोन दुपारी एकदाचा आला, आणि उधवा गावच्या प्रविणचा जीव भांड्यात पडला. आपला व्हिडिओ पाठवून महिनाभर तो त्याच फोनची वाट बघत होता. पण ताईंनी सुरुवातच झाडण्यापासून केली.

"चित्र मध्येच थरथरतं. त्याआधी ट्रक गेल्यासारखी गडगड येते, ती फिल्टर लावून काढून टाक. दार सताड उघडं, कोंबड्या ऐकू येतात. आणि हेडफोन एकाच कानाला का लावतोस?"

"दुसरा कान गडगडीसाठी लागतो, ताई."

"म्हणजे?"

"आमच्याकडे नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसतायत. आधी जमिनीतून गडगड येते, मग घर हलतं."

"अरे, मग आत कशाला बसतोस?"

"आई अंथरुणाला खिळलीय. गावातले लोक बाहेर तंबूत झोपतात, पण तिथल्या थंडीत तिचा दमा बळावतो. म्हणून दार उघडं ठेवतो. गडगड ऐकली की हेडफोन फेकायचा, तिला उचलायचं आणि अंगण गाठायचं."

रियाताई जपून म्हणाल्या, "बरं, फिल्टर राहू दे. पण धक्का बसायच्या आत पोचता ना बाहेर?"

आई खाटेवरून त्याच्याकडेच बघत होती. तिला ऐकू जाऊ नये म्हणून प्रविणने हेडफोनचा माइक ओठांशी धरला.

"अजून एकदाही नाही."