धाकटीचं पहिलं उड्डाण

"बाबा, तार सोडा, हात कापेल," थोरली म्हणाली. ती विमान कंपनीत पायलट आहे, तिला सगळं सोपं वाटतं. मी फ्लाइंग क्लबच्या कुंपणाला धरून उभा होतो आणि वर धाकटी पहिल्यांदाच एकटीने विमान चालवत होती. तिला अजून स्कूटर स्टँडला लावता येत नाही, हे मी क्लबला कळवलं नव्हतं. सोसायटीत मात्र 'दोन्ही मुली पायलट' म्हणून आधीच पेढे वाटले होते. थोरलीच्या वेळी मी घरीच देव पाण्यात घालून बसलो होतो.

विमान दोनदा उसळलं, टेकलं आणि धावपट्टीच्या टोकाला थांबलं. तोच शेडमधून चौघेजण पाण्याच्या बादल्या घेऊन त्याच्याकडे धावत सुटले. थोरलीनेही एक बादली उचलली आणि पळाली.

आग लागली होती, दुसरं काय असणार? मी वॉचमनची भरलेली बादली हिसकावली आणि फाटकातून घुसलो. एक चप्पल वाटेत राहिली. "आधी तिला बाहेर काढा," असं ओरडत मी तसाच पळत राहिलो.

धाकटी विमानाशेजारी उभी होती, चिंब भिजलेली आणि खिदळत.

"पहिल्यांदा एकटं उडून आलं की असं भिजवतातच, बाबा," थोरली म्हणाली. "तुमचीच राहिलीय. ओता."

माझे डोळे कधीचे वाहत होते. मी बादली स्वतःच्याच डोक्यावर उपडी केली.

"अहो बाबा," धाकटी म्हणाली, "विमान मी उडवलं."