माहेरची वाटी

दोन वाट्यांपैकी एकच पांढरी पडली होती, आणि ती नेमकी माहेरची होती.

अश्लेषा पोहे वाढायला वाकली, मंगळसूत्र पुढे लोंबलं आणि सुधाताईंची नजर तिथेच अडकली. सुनेच्या बाळंतपणासाठी त्या नुकत्याच पुण्याहून ड्रेस्डेनला आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी फ्रीज पाहिला, कपाटं पाहिली, डाळीचे डबे उघडून हुंगले. सून मंगळसूत्र रोज घालते की सासू आली म्हणून, एवढाच काय तो छडा लागायचा होता.

"थांब गं. बघू जरा."

त्यांनी डावीकडची ती वाटी पदराने घासघासून पाहिली. पांढरेपणा जाईना. शेजारची सासरची वाटी मात्र लख्ख पिवळी.

"तुझ्या बाबांनी घडवलेली ना ही?"

"हो. आणि लग्नाआधी तुम्हीच ती सोनाराकडे नेऊन कसाला लावली होतीत, आई. तेव्हा खरी निघाली होती."

हे बाकी खरं होतं. पण तेव्हा खरी होती आणि आता नाही, म्हणजे मधल्या मधे कुणीतरी बदलली! गेल्या दिवाळीत हे मंगळसूत्र नव्याने गाठवायला व्याह्यांकडेच गेलं होतं की नाही? झालं तर मग, जुळलं सगळं.

"सिद्धेश, तू बघ रे. दगडमातीचाच अभ्यास ना तुझा?"

सिद्धेश चार दिवसांपूर्वीच परतला होता. तिकडे लांब, वाळवंटातल्या डोंगरांत गोरगरीब माणसं खडक कुटतात आणि त्यात पारा कालवून सोनं वेगळं करतात. तिथल्या मातीचे नमुने आणायला इन्स्टिट्यूटने त्याला पाठवलं होतं. पाऱ्याच्या आसपासही फिरकणार नाही, असं जाताना त्याने अश्लेषाला वचन दिलं होतं. पोटातल्या बाळाला पारा म्हणजे विष, हे त्यानेच तिला समजावून सांगितलं होतं.

वाटी पाहिली आणि त्याचा चमचा हवेत थांबला.

"भेसळ असेल," तो बशीत बघत म्हणाला. "हलक्या सोन्याचं होतं असं."

अश्लेषाचे डोळे भरून आले. सुधाताईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं, पण लेकाची मान काही वर होईना, आणि ते त्यांना खटकलं. लहानपणी कुणाची काच फोडून आला की हा असाच ताटात बघून जेवायचा.

अश्लेषा उठली आणि खुंटीवरचं सिद्धेशचं जॅकेट घेऊन बाहेर निघाली. तो ताडकन उठला.

"ते नको! मळलंय."

"तू आलास तेव्हापासून हेच घालतेय मी. माझं पोटावर बसत नाही. आजच मळलं का?"

"म्हणजे... धुवायचंय. खाली तळघरातल्या मशीनला लावतो." त्याने जॅकेट जवळजवळ हिसकावलं, बाथरूममध्ये टाकलं आणि घाईघाईने प्लास्टिकची पिशवी शोधायला गेला.

आता याला कपडे धुवायची हौस कधीपासून? सुधाताई बाथरूममध्ये शिरल्या. नवऱ्याचे खिसे तपासण्यात त्यांचा अर्धा संसार गेला होता, तेव्हा लेकाच्या खिशाची त्यांना कसली लाज! डाव्या छातीकडच्या आतल्या खिशात काहीतरी बोळा लागला. ओढला तर रबरी हातमोजा, आणि त्याच्यातून चांदीसारखे बारीक मणी घरंगळत थेट त्यांच्या मनगटावर. असे मणी त्यांनी पूर्वी पाहिले होते, घरात थर्मामीटर फुटला होता तेव्हा.

त्यांनी हात झटकला. हातातल्या पाटलीवर मात्र चुना लागावा तसा पांढरा डाग उमटला होता. पुसला तर आणखीच पसरला.

त्या जॅकेटच्या आत चार दिवस सून होती, आणि सुनेच्या आत बाळ.

"आई, हात लावू नकोस त्याला!" दारात सिद्धेश उभा होता. मग त्याने आवाज खाली आणला. "बरोबरीने काम केल्याशिवाय तिथली माणसं बोलतच नाहीत गं. एकदाच हात घातला. मोजा खिशात राहिला, लक्षातच नाही आलं."

"आणि वाटी पाहिल्यावर? तेव्हा आलं ना लक्षात?"

त्याने मागे दार लोटलं.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "उगाच घाबरेल. मी सगळं साफ करतो, आता यापुढे नाही घालणार ती. तू फक्त ती पाटली स्वेटरच्या बाहीत घे."

सुधाताईंनी बाही वर सारली आणि त्या बाहेर आल्या.

अश्लेषा दाराशी बूट घालत होती. "तिथेच थांब गं, जवळ येऊ नकोस," म्हणत त्यांनी लांबूनच हात पुढे केला. अश्लेषाने पांढरी पाटली पाहिली. मग आपली वाटी पाहिली. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"ही माझ्या माहेरची आहे, सिद्धेश," सुधाताई म्हणाल्या. "माझ्या आईच्या हातातली. म्हण आता हिलाही हलकी."



"डॉक्टरांना फोन लाव, अश्लेषा," सुधाताई म्हणाल्या. "आणि त्याआधी ते मंगळसूत्र काढ गळ्यातलं."