ओठांना लागलेलं पाणी

"पाय लागलो," भिकाजी म्हणाला.

सखारामचा पाण्याचा तांब्या आडवा झाला होता. पाणी तापलेल्या जांभ्या दगडावर पसरलं आणि बघता बघता सुकून गेलं. सखारामनं तांब्या उचलला, पंच्यात गुंडाळला आणि काखेत मारला. तो चिडला असता तर भिकाजीला जास्त बरं वाटलं असतं.

दोघे सख्खे भाऊ. पार्सेच्या डोंगरावरची काजूची बाग कोणाची, यावरून नऊ वर्षांपूर्वी त्यांचं फाटलं. पंचांना निकाल लावता येईना, तेव्हा दोघांनी देवळात शपथ घेतली. एकमेकांच्या घरचं, एकमेकांच्या बावीचं म्हणजे विहिरीचं पाणी ओठांना लावायचं नाही. जो लावील त्यानं बागेवरचा हक्क सोडायचा. त्या दिवसापासून भिकाजीनं थोरल्या भावाला दादा म्हणून हाक मारली नव्हती.

यंदा गोवा राज्य होणार, जमिनींचे नवे कागद होणार, अशी बोलवा होती. तोच धागा धरून भिकाजीनं निरोप धाडला होता, मोजणीवाला सोमवारी दुपारी बागेत येतो आहे. येणार कोणीच नव्हतं. भिकाजी आठवडाभर डिचोलीकडे खाणीवर ट्रक चालवायचा. घर, गुरं, शेत सगळं बायकोच्या, शांताच्या अंगावर. आजची रजा त्यानं एवढ्यासाठीच टाकली होती.

"येवचो नाय आता तो. चल, उतरू," भिकाजी म्हणाला.

"ऊन कलू दे."

"पाण्याशिवाय बसतलंस सांजपर्यंत?"

सखाराम उठला. घर गाठायचं तर डोंगरमाथ्यावरचा सपाट सडा ओलांडायला हवा. तासाभराची वाट, सगळा उघडा काळा कातळ, आणि सावलीला झाड म्हणून नाही. वैशाखातल्या दुपारी तिथून गुरंसुद्धा जात नाहीत.

थोडं चालल्यावर भिकाजीनं पिशवीतून बाटली काढली. फेणीची धुतलेली मोठी बाटली, भोवती ओलं गोणपाट. तो मुद्दाम आवाज करत प्यायला.

"आमच्या बावीचा पाणी. वैशाखातय थंडगार."

सखाराम बाटलीकडे बघत राहिला.

"शांतान भरून दिल्यान?"

"मगे कोण भरतलो?"

"बरां केल्यान."

त्याच्या तोंडावर हसू येऊन गेल्यासारखं वाटलं. भिकाजीला ते झोंबलं.

"घे दोन घोट. मी कोणाक सांगूचंय नाय."

सांगायची गरजच नव्हती. प्यायला असता तर सखारामनं स्वतः देवासमोर जाऊन कबूल केलं असतं. त्याचा खरेपणा सगळ्या गावाला ठाऊक होता, आणि भिकाजीनं डाव मांडला होता तो त्याच खरेपणावर.

"माका नको," सखाराम म्हणाला. मग थोडं थांबून म्हणाला, "शपथ आपली दोघांची, भिका. घरातल्या बायकांक ती कशाक?"

"माज्या घरात ती सगळ्यांक. शांताक मी तेव्हाच बजावलंय. तुमच्या बावीकडे फिरकलंस तर त्याच पावली म्हायेराक. परत घेवचंय नाय."

सखारामनं मान हलवली. बाटलीकडे पुन्हा एकदा बघितलं आणि तो पुढे चालू लागला.

अर्ध्या वाटेवर त्याचा घाम थांबला. कातडी लाल आणि कोरडी पडली, पाय वाकडे पडू लागले. वारलेल्या वडिलांशी तो काहीतरी बोलायला लागला, मग मध्येच कातळावर बसला. खाणीवर भिकाजीनं असा ऊन लागलेला एक माणूस पाहिला होता. त्याचं पुढे काय झालं तेही पाहिलं होतं.

त्यानं बाटली सखारामच्या ओठांजवळ नेली. डोक्यावर ओतलं असतं तर शपथ मोडली नसती, पण मग बागही हाती आली नसती.

"पी मरे. जीव गेलो तर बाग घेवन काय करतलंस?"

सखारामनं दात आवळून तोंड फिरवलं. भिकाजीनं त्याची हनुवटी धरली, पुन्हा बाटली लावली. पुन्हा तेच. रागानं भिकाजीनं स्वतःच चार मोठे घोट घेतले, त्याच्या डोळ्यांसमोर.

"नको म्हटलां मां," सखाराम पुटपुटला आणि एका कुशीवर कलंडला.

तेव्हा भिकाजी घाबरला. बाग, शपथ, नऊ वर्षं, काही आठवेना. "दादा, दादा" करत त्यानं बाटली भावाच्या डोक्यावर उलटी केली. ओंजळभर पाणी निघालं. तो सड्याच्या कडेपर्यंत धावला, ओरडला. खालच्या बागेत काजू गोळा करणारा धाकू दोन माणसं घेऊन वर आला. त्यांनी सखारामला उचललं, पण डोंगराच्या पायथ्याशी पोचेपर्यंत तो गेला होता.

संध्याकाळी शेजारी सखारामच्या घरापुढच्या खळ्यात रडारड चालली होती. भिकाजी आपल्या ओट्यावर बसला होता, रिकामी बाटली अजून हातात. शांता दारात उभी होती. तिच्यानं ना तिकडे जाववत होतं, ना आत.

"मी पाणी दिललंय," भिकाजी म्हणाला. "तीनदा दिललंय. तोंडाक लावलंय. पण आपल्या घरचां म्हणान घेवक नाय तेनी. शपथेसाठी जीव दिल्यान."

"खंयचां पाणी?" शांतानं विचारलं.

"ह्यां. तू सकाळी भरून दिललंस तां."

शांता खाली बसली. तिनं ती बाटली त्याच्या हातातून काढून घेतली.

"आपली बाव शिमग्यातच आटली," ती म्हणाली. "तुमी माका म्हायेराक धाडशात म्हणान दादांनीय तां लपवल्यानी. ह्या बाटलेतला पाणी सकाळी दादांनीच तेंच्या बावीतसून ओढून माका दिलेल्यानी."