कोरी साडी

“ताई, यंदापासून नाताळचं गिफ्ट फक्त लेकरायले. आपण मोठ्यायनं आपसातलं देणं-घेणं बंद करू,” भावानं फोनवर फर्मान काढलं. रूथ “बरं” म्हणाली. त्याच्या लेखी दरसालची साडी म्हणजे नुसतं गिफ्ट होतं. कारंजाला सासरी मात्र त्या साडीवरूनच रूथची किंमत ठरायची. म्हणून वाशिमला माहेरी जातानाच तिनं आपल्या पेटीत जपलेली आईची कोरी साडी, जी न नेसताच आई वारली होती, पिशवीत लपवून नेली. परतल्यावर सासूनं दारातच विचारलं, “भावानं काय देलं?” रूथनं साडी पुढे केली. सासूनं घडी मोडून पदर झटकला आणि डांबरगोळी घरंगळत जावेच्या पायाशी गेली. “वाशिमचे दुकानवाले डांबरगोया बी देतात वाटते,” सासू म्हणाली. जाऊ हसली. तेवढ्यात भावाचा मेसेज आला, “पोचली का? यंदा कसं, कोणालेच टेन्शन नाही.” रूथनं गोळी उचलली, मुठीत दाबली आणि लिहिलं, “हव.”