कोरे बूट

सत्काराचा नारळ हातात देत प्राचार्य माइकवर गरजले, "आपल्या मुलींची पहिलीच फुटबॉल टीम आणि पहिल्याच वर्षी अजिंक्य!" कॅप्टन वैजयंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अजिंक्य म्हणे! हंगामात चार मॅच होत्या. चारही वेळा अकरा जणी तयार होऊन मैदानात उभ्या राहिल्या, पण समोर कुणी आलंच नाही. 'हाफ चड्डीत पोरी नाचवायच्या का?' म्हणत एकेका कॉलेजनं ऐनवेळी नाव मागं घेतलं. दर वेळी पंचांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली, रिकाम्या गोलात एक किक मारायला लावली आणि ह्यांना विजयी ठरवलं. सराव अनवाणी करून मॅचसाठी जपलेले बूट कोरेच राहिले.

"बोल की पोरी चार शब्द," प्राचार्यांनी माइक पुढं केला.

वैजयंतानं नारळ टेबलावर आपटला आणि स्टेजवरची माणसं मोजली.

"सर, पाहुणे धरून तुम्ही बरोबर अकरा जण बसलाय. उतरा खाली. एक तरी मॅच खेळू द्या आम्हाला."

समोरच्या रांगेत उरलेल्या दहा जणी वाकून बुटांच्या नाड्या आवळायला लागल्या.