नवी कोरी नायिका

“या मुलीनं आजपर्यंत स्टेज कसं असतं ते पाहिलेलंसुद्धा नाही,” दिग्दर्शक सबनीस माइकवर म्हणाले, आणि साकोलीच्या टॉकीजमध्ये पहिल्या खेळाला जमलेली तमाम मंडळी एकमेकांची तोंडं पाहू लागली.

मुलगी म्हणजे उषाबाई. दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे इथली जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. करडी म्हणू नका, अड्याळ म्हणू नका, या भागातलं असं एकही गाव नव्हतं जिथं उषाबाईनं गेल्या सोळा वर्षांत नायिका होऊन लोकांना रडवलं नव्हतं. समोर बसलेल्या निम्म्या बायका कधी ना कधी तिच्यापायी रडलेल्या होत्या.

“काय बोलून राह्यला गा हा?” करडीचे दादाजी शेजाऱ्याला म्हणाले. “सत्त्याहत्तरच्या मंडईत आमच्या गावाले हेच त होती.”

“चूप राहा ना. पिच्चरवाले हायेत. त्यायले जास्त समजते.”

सबनीसांचं गणित सरळ होतं. नायक मुरलेला हवा आणि नायिका कोरी हवी. आता नायक टेकचंद हा निर्माते यादोरावांचा भाचा. राईस मिल मामाची, पिक्चर मामाचं, मग नायक दुसरा कोण होणार? त्यानं आयुष्यात एकदाच, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, भालदार म्हणून उभं राहून पाहिलं होतं आणि भाला टाकून पळ काढला होता. पण पत्रकात काहीतरी छापायला तर हवं! म्हणून सबनीसांनी उषाबाईची सोळा वर्षं उचलली आणि टेकचंदच्या नावावर टाकली: ‘झाडीपट्टीच्या रंगभूमीवर सोळा वर्षं गाजलेला नट.’ टेकचंद चोवीस वर्षांचा होता. उषाबाईच्या वाट्याला आलं ते ‘धानाच्या बांधीत चिखल तुडवताना गवसलेली कुमारी उषा.’ कुमारी उषाची थोरली मुलगी नववीत होती. स्वतःबद्दल सबनीसांनी छापलं, ‘बारा वर्षं मुंबईत थोर दिग्दर्शकांच्या अगदी निकट.’ ते मात्र खरं होतं. डोक्यावर छत्री धरणाऱ्याला निकटच उभं राहावं लागतं.

पत्रक वाचून दाखवलं तेव्हा उषाबाई पेटली होती.

“माहे सोळा वर्स त्या पोट्ट्याले कायले देता जी?”

सबनीस शांतपणे म्हणाले, “पुढचा चित्रपट कोल्हापुरात करतोय. नायिका तूच. पण मंडईतली नटी म्हटलं की तुला तिथं दारात कोणी उभं करणार नाही. कोणी काही विचारलं तर ‘मला काही येत नाही’ एवढंच म्हणायचं.”

उषाबाईनं मान डोलावली. तिला पडद्यावर राहायचं होतं, मनापासून राहायचं होतं. मंडईतली नायिका उजाडलं की सामानाबरोबर बैलगाडीत चढते आणि पुढच्या गावाला लागते. सिनेमातली राहते. तिनं नवऱ्याला, पेटी वाजवणाऱ्या डोमाला, निघतानाच बजावलं, “आजच्या रोज तुमी माहे कोनी लागत नाई.” डोमा बिचारा शेवटच्या रांगेत परका होऊन बसला.

आधी मुरलेल्या नटाला बोलावलं. टेकचंद माइकसमोर आला, “नमस्कार” म्हणाला आणि तिथंच अडकला. घाम पुसला, पुन्हा एकदा नमस्कार म्हणाला आणि जाऊन बसला.

“केवढी ही विनम्रता!” सबनीस म्हणाले. नागपूरहून आलेल्या वार्ताहरानं ते लिहून घेतलं.

“आणि आता आपली कुमारी उषा. घाबरू नकोस हं बाळ. दोनच शब्द बोल.”

उषाबाई उठली. ही आता सबनीसांचं पितळ उघडं पाडते की काय? दादाजी खुर्चीच्या टोकाशी आले. डोमानं डोळे मिटून घेतले.

ती पाय ओढत माइकपाशी आली. तो चावेल की काय अशा नजरेनं तिनं त्याच्याकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी… मले…” शब्द घशातच अडकला. ओठ थरथरले. डाव्या डोळ्यातून एक टिपूस गालावर उतरलं आणि हनुवटीपाशी थांबलं. “मले काईच येत नाई जी. सायबानंच शिकवलं.” हात जोडून तिनं मान खाली घातली.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. ही कोण आहे हे पक्कं ठाऊक असलेली माणसंही मुसमुसू लागली. यादोरावांनी मोठ्यानं नाक शिंकरलं. ही थाप आपणच रचलेली आहे हे विसरून खुद्द सबनीस चष्मा पुसू लागले. वार्ताहरानं ‘निरागस’ असं लिहून त्याखाली रेघ ओढली.

जमलं होतं. कोल्हापूर पक्कं झालं होतं. उषाबाई आपल्या खुर्चीकडे वळली.

तेवढ्यात दादाजी उठून ओरडले, “वन्स मोर!”

मग अख्खी टॉकीज उठली. करडीवाले, अड्याळवाले, आत्ताच डोळे पुसलेल्या बायका, सगळे एका सुरात ओरडू लागले, “वन्स मोर! वन्स मोर!” शिट्ट्या सुरू झाल्या. वार्ताहराचं पेन थांबलं आणि त्यानं मान वर केली.

सबनीसांचा चेहरा खर्रकन उतरला. लोकांकडे पाहून हसत हसतच ते तिच्या कानाशी लागले. “मुकाट्यानं खाली बस. पुन्हा केलंस तर कोल्हापूर विसर.”

उषाबाईनं एकदा सबनीसांकडे पाहिलं आणि एकदा समोर उभ्या असलेल्या लोकांकडे. या लोकांनी वन्स मोर मागावा आणि तिनं पाठ फिरवावी, असं आजवर कधी झालं नव्हतं.

ती माइकपाशी परत आली, तशीच पाय ओढत. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “मी… मले…” म्हणून त्याच शब्दावर अडखळली, ओठ तसेच थरथरले, आणि डाव्या डोळ्यातून एक टिपूस उतरून बरोबर मघाच्याच जागी येऊन थांबलं.